मंगळवेढ्याचे तिघे

मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक असते. त्या गावाने वारकऱ्यांना तीन संत दिले, हेही माळकऱ्यांच्या घरात लहानपणापासून ऐकायला मिळतं. दामाजीपंत, चोखोबा आणि कान्होपात्रा. माझं माहेर शेजारच्या सांगोला तालुक्यात, त्यामुळे ही तिन्ही नावं आमच्याकडे लांबच्या नातेवाइकांसारखी घेतली जातात. पण या तिघांना एका ओळीत उभं करून मी कधी पाहिलं नव्हतं. ते पाहिलं आमच्या घरावर वेळ आली तेव्हा, आणि मग त्यांच्याकडून नजर काढता येईना.

तिघांनीही संकटात एकालाच हाक मारली. पंढरपूर मंगळवेढ्याहून पंचवीस किलोमीटरच्या आसपास, म्हणजे जुन्या माणसांच्या पायांना एका दिवसाची वाट. तिघांचाही विठ्ठल तोच, आणि तिघांच्या भक्तीत डावं-उजवं करायला कुणी धजावणार नाही. तरी दामाजी सुटला, चोखोबा भिंतीखाली चिरडून गेला आणि कान्होपात्रेने देवाच्या पायांवर प्राण सोडला. देव आणि हाक एकच असून शेवट असे तीन झाले. 'विश्वास ठेव, सगळं नीट होईल' असं आपण अडचणीतल्या माणसाला सहज म्हणून जातो, त्या वाक्याला हे तिघे मिळून पुरते उत्तर देतात. सगळं नीट होईलच असं त्यांच्यातल्या एकानेही सांगितलेलं नाही. मग हे लोक विठ्ठलाकडे गेले तरी कशासाठी? मला या लेखात तेवढंच शोधायचं आहे.

कान्होपात्रेपासून सुरुवात करते, कारण त्या दिवसांत माझ्या तोंडात तीच होती.

कान्होपात्रा ही मंगळवेढ्यातल्या शामा नावाच्या गणिकेची मुलगी. आईचा धंदा पुढे चालवायचा, कुणा धनवंताच्या दारी नाचायचं, हे तिच्यासाठी जन्माआधीच ठरलेलं. तिने ते नाकारलं आणि दारावरून जाणाऱ्या वारकऱ्यांच्या मागे पंढरपूरला निघून गेली. तिला गुरू नव्हता, नवरा नव्हता, पाठीशी उभं राहील असं घर नव्हतं. तिच्या रूपाची वार्ता बिदरच्या बादशहापर्यंत गेली आणि तिला न्यायला शिपाई मंदिराच्या दाराशी आले. एकदा दर्शन घेऊन येते, एवढी मुदत तिने मागितली. कथा सांगते की त्या मुदतीत तिने विठ्ठलाच्या पायांवर डोकं ठेवलं ते पुन्हा उचललंच नाही. तिला मंदिराच्या आवारातच पुरलं आणि तिथे तरटीचं झाड उगवलं.

'नको देवराया अंत आता पाहू, प्राण हा सर्वथा फुटो पाहे.' हा अभंग आपण इतक्यांदा ऐकलेला असतो की त्यातली धग जाणवेनाशी होते. शब्द मात्र नीट पाहावेत. वाघाने हरणीचं पाडस धरलंय, तसं माझं झालंय, असं ती म्हणते. यात कुठेही समजूतदारपणा नाही. तुझी इच्छा असेल तसं होऊ दे, असं ती म्हणत नाही. ती देवाला सरळ सांगते की पुरे झालं, आता माझा अंत पाहू नकोस. आणि पुढे, 'तुजविण ठाव न दिसे त्रिभुवनी, धावे हो जननी विठाबाई.' तिन्ही लोकांत एवढी एकच जागा उरली आहे, असं ती म्हणते. ते तिच्या बाबतीत शब्दशः खरं होतं. मागे मंगळवेढं, पुढे बिदर आणि मधे गाभाऱ्यातली दोन हातांची जागा.

मला फार काळ वाटे की या गोष्टीत देव कमी पडला. ती मेली, मग आसरा कसला? आता मला ते तसं दिसत नाही. जिच्या देहावर जन्मापासून दुसऱ्यांनी हक्क सांगितला, ती शेवटी स्वतः निवडलेल्या जागी होती. बादशहाच्या माणसांना ती मिळाली नाही. एवढं तरी तिला त्या पायांनी दिलं. ते पुरेसं होतं का, हे सुरक्षित घरात बसून मी ठरवू नये असं वाटतं. ती स्वतः काय म्हणाली ते आपल्यापाशी आहे: 'घेई कान्होपात्रेस हृदयात.' तिने शेवटी मागितलं ते हे.

आता आमच्या घराचं सांगते.

सांगोला तालुका कोरडा. पाऊस कमी, जमीन हलकी, म्हणून डाळिंबाला मानवलेला. माझ्या लहानपणी ज्यांच्या घरांवर पत्रा होता त्यांनी डाळिंबाच्या जिवावर स्लॅब टाकले, पोरं शिकवली, पोरींची लग्नं केली. आमचंही तसंच. आप्पा गेल्यावर दादाने बाग वाढवली, शेततळं केलं, त्यासाठी कर्ज काढलं, आणि काही वर्षं हप्ते नीट गेले. मग तेल्या आला. ज्यांनी डाळिंब केलं नाही त्यांना या शब्दाने काही होणार नाही. फळावर तेलकट डाग दिसतो, तो काळा पडतो, फळ तडकतं आणि आतले लालभडक दाणे उघडे पडतात. हा जिवाणूंचा रोग आहे, दमट हवेत आणि पावसाच्या शिंतोड्यांबरोबर पसरतो. ऑक्टोबर 2020 मध्ये सोलापूर जिल्ह्यात जो पाऊस झाला, ज्याने पंढरपुरात भीमेला पूर आणला, त्याच पावसाने आमची बाग नेली. कोरड्या मुलखाने आयुष्यभर पावसासाठी देवाकडे पदर पसरायचा आणि पाऊस असा यायचा. झाडं उभी होती, पण रोग झाडांच्या खोडापर्यंत गेला होता. उपटून जाळण्यावाचून इलाज नव्हता.

दादा बोलेनासा झाला. चिडला असता, रडला असता तर बरं वाटलं असतं. तो जेवायचा, उठायचा, बांधावर जाऊन बसायचा. फोनवर मी विचारलं की 'बरं हाय' एवढंच. मी पुण्यात, लॉकडाऊनच्या आगेमागे येणं-जाणं अवघड झालेलं. वहिनी रात्री मला फोन करायची आणि हळू आवाजात सांगायची की यांना झोप नाही. आमच्या भागात शेतकऱ्याच्या घरात या वाक्याचा अर्थ सगळ्यांना कळतो. मोठ्याने कुणी बोलत नाही.

आईने त्या दिवसांत काय केलं हे मला वहिनीकडून नंतर कळलं. ती माळकरी आहे. एकादशी चुकवत नाही, संध्याकाळी हरिपाठ म्हटल्याशिवाय चूल पेटवत नाही. तिच्या सगळ्या वाऱ्या पायी. त्या वर्षी मात्र मंदिरच बंद होतं. मार्च महिन्यापासून पंढरपूरला दर्शन नव्हतं, आषाढीला माउलींच्या आणि तुकोबांच्या पादुका एसटीने गेल्या, कार्तिकीलाही वारी भरू दिली नाही. ज्या पायांवर डोकं टेकवायला ती आयुष्यभर चालत गेली ते पाय कुलपाआड. बऱ्याच देवळांत देव लांबून बघायचा असतो. पंढरपुरात कुणीही जाऊन त्याच्या पायांवर डोकं ठेवू शकतं, म्हणून तर बायका रात्ररात्र दर्शनबारीत उभ्या राहतात. तिला तेही नव्हतं.

तर तिने घरी दोन गोष्टी केल्या. हरिपाठ संपल्यावर ती देव्हाऱ्यापुढे बसून मोठ्याने बोलू लागली, सगळ्यांना ऐकू जाईल असं. 'माझं पोरगं तुझ्या पायावर घातलंय, आता तू बघ,' असं. आणि त्याच दिवशी तिने शेडमधली फवारणीची सगळी औषधं पोत्यात भरून शेजारच्या घरी नेऊन दिली आणि त्यांच्या कोठीला कुलूप लावायला लावलं. वहिनीला सांगितलं की रात्री दार उघडण्याचा आवाज आला तर मला उठव. माझं वय झालंय, मला तशीही झोप नाही.

या दोन गोष्टींत तिला काही विरोध दिसला नाही. मला तेव्हा दिसला होता. मी तिला फोनवर म्हणाले, 'आई, देवावर भार टाकलास ना, मग औषधं का हलवलीस?' ती म्हणाली, 'आगं, भार टाकला म्हणून तर सुचलं. त्याच्या आधी माझं डोस्कंच चालत नव्हतं.'

हे वाक्य मी विसरू शकत नाही. भीतीत माणसाला काहीच सुचत नाही. रात्रभर तेच तेच वाईट चित्र डोळ्यांपुढे फिरत राहतं आणि सकाळी हातून काही होत नाही. आईने ती भीती उचलून कुणाच्या तरी पुढे ठेवली, आणि ठेवल्याबरोबर हात मोकळे झाले. देवाने वाट दाखवली असं आपण म्हणतो तेव्हा बहुधा आपल्याला आकाशवाणी अपेक्षित असते. आईला पोतं दिसलं आणि शेजाऱ्याची कोठी दिसली. ही वाट देवाने दाखवली असं ती मानते, आणि मीही मानते.

दामाजीपंतांची गोष्ट मला यामुळे वेगळी वाचता आली. पंधराव्या शतकातला दुष्काळ. दामाजी बिदरच्या बहामनी सुलतानाचा मंगळवेढ्यातला अधिकारी, आणि सरकारी धान्याची कोठारं त्याच्या ताब्यात. लोक अन्नावाचून मरत होते, त्याने कोठारं उघडली. बिदरहून बोलावणं आलं, म्हणजे मृत्यूच. मग विठ्ठल विठू महार होऊन बिदरला गेला, धान्याची किंमत मोहरांत भरली आणि पावती दामाजीच्या पोथीत येऊन पडली. कीर्तनात शेवटच्या भागाला टाळ्या पडतात. सोनं भरणारा देव सगळ्यांना आवडतो, मलाही आवडतो.

पण दामाजीला मार्गदर्शन झालं ते बिदरला जाताना झालेलं नाही. ते आधीच झालं होतं, किल्ल्या हातात असताना. दाराशी भुकेली माणसं उभी होती, आत धान्य होतं, आणि मधे फक्त तो होता. त्याने विठ्ठलाला कौल लावला नाही. वाट समोर उभी होती. आसरा मागून मिळाला, आणि मिळेलच याची खात्री नसताना त्याने कुलूप काढलं. त्याची भक्ती मला त्या क्षणात जास्त दिसते. ज्याचा भरवसा पक्का असतो त्याला परिणामाच्या भीतीने आपलं योग्य काम टाळावं लागत नाही. एवढं मोठं बळ माणसाला एरवी कुठून यावं?

चोखोबाशी मात्र माझं अजून पूर्ण जमलेलं नाही, आणि ते इथे लपवून उपयोग नाही.

महाराच्या घरी जन्मलेल्या चोखामेळ्याला विठ्ठलाच्या दारात उभं राहावं लागलं, आत नाही. 'धाव घाली विठू आता चालू नको मंद, बडवे मज मारिती ऐसा काही तरी अपराध.' देवाचा हार तुझ्या गळ्यात कसा, म्हणून बडव्यांचा, म्हणजे देवळातल्या पुजाऱ्यांचा, मार खाताना मारलेली ही हाक आहे. जगात ज्याला दुसरीकडे कुठे जागा नव्हती त्याने ज्याच्याकडे आसरा मागितला, त्याच्या दारावरच माणसं काठ्या घेऊन उभी होती. आणि शेवट मंगळवेढ्याला. गावकुसाचं काम चाललं होतं, 1338 साली, ते कुसू कोसळलं आणि त्याखाली चोखोबा गेला. कामावर लावलेल्या माणसांबरोबर, ढिगाऱ्यात. नामदेवांनी येऊन त्याची हाडं शोधली. ज्या हाडांतून विठ्ठल विठ्ठल असा नाद येत होता ती चोख्याची, असं म्हणतात. ती पंढरपूरला नेऊन महाद्वारासमोर समाधी बांधली. मेल्यावरही दाराबाहेरच. त्याच्या लोकांना ते दार ओलांडता यावं म्हणून साने गुरुजींना मे 1947 मध्ये पंढरपुरात प्राणांतिक उपोषण करावं लागलं. मधे सहाशे नऊ वर्षं गेली.

या गोष्टीपुढे 'देवावर विश्वास ठेवा' हे वाक्य तोंडातून निघत नाही. निघू नयेच. देवाच्या नावाने माणसांनी केलेला अन्याय देवाच्या इच्छेच्या खाती टाकणं हे पाप आहे असं मला वाटतं, आणि आपल्या समाजाने ते शतकानुशतकं केलं. चोखोबाने तसं केलं नाही. त्याने बडव्यांना बडवे म्हटलं आणि विठूला विठू. मारणारा कोण आणि आपला कोण, यात त्याची कधी गल्लत झाली नाही. त्याच्या बायकोने, सोयराबाईनेही विठ्ठलाला जाब विचारला, त्याच घरात बसून, त्याच देवाला. ज्यांना देवाने सगळ्यांत कमी दिलं त्यांनी त्याला सोडलं नाही, याचा अर्थ ते भाबडे होते असं ज्यांना वाटतं त्यांनी त्यांचे अभंग वाचलेले नाहीत. इतकं धारदार मागणं आणि इतकी धारदार तक्रार आपल्या भाषेत दुसरीकडे क्वचित सापडेल. त्यांना ढिगाऱ्यातून ओढून काढणारं कुणी आलं नाही, तरी त्यांच्या आत कुणीतरी होतं, हे त्या ओळींवरून नाकारता येत नाही. याहून पुढे माझी बुद्धी जात नाही.

तक्रारीचं एक सांगायला हवं. शरण जायचं म्हणजे तोंड मिटून जायचं, असं आपल्याला उगीच वाटतं. तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत बुडवायला लावल्या तेव्हा ते काठावर अन्नपाणी सोडून बसले. 'तेरा दिवस झाले निश्चक्र करिता, न पवसी अनंता मायबापा.' मायबापाला धरणं धरून बसलेलं मूलच असं बोलतं. वह्या तरल्या असं परंपरा सांगते, आणि तेव्हा तुकोबा विजयाने उठले नाहीत. 'थोर अन्याय केला, तुझा अंत म्यां पाहिला.' म्हणजे आधी देवाशी भांडण आणि मग त्या भांडणाची लाज. दोन्हीही प्रेमातच होतं. जो देवाशी भांडत नाही तो बहुधा त्याच्यापाशी पोचलेलाच नसतो, असं मला माझ्या आईला देव्हाऱ्यापुढे बोलताना ऐकून वाटलं. तिच्या आवाजात विनवणीपेक्षा दटावणी जास्त होती.

दादाचं पुढे कसं झालं ते सांगते. चमत्कार झाला नाही. गावातले भजनाचे बुवा एका संध्याकाळी घरी आले. ते स्वतः डाळिंबवाले, त्यांचीही बाग गेलेली. मला वाटलं होतं ते त्याला माळ घालायला सांगतील, नामस्मरण कर म्हणतील. त्यांनी चहा घेतला आणि म्हणाले, 'उद्या सोसायटीचे, बँकेचे सगळे कागद घेऊन माझ्याकडं ये. आपण दोघं मिळून मांडू.' दुसऱ्या दिवशी दादा गेला. दोघांनी वहीत मांडलं की कुणाचं किती आहे, कुणाकडे मुदत मागता येईल, कोणतं जनावर विकता येईल, कोणतं नाही. आकडे कमी झाले नाहीत. पण त्या रात्री दादा झोपला, असं वहिनीने सांगितलं, आणि तिच्या आवाजावरून मला कळलं की तीही आता झोपेल.

बुवांना विठ्ठलाने पाठवलं का? आई म्हणते, 'मग दुसरं कोण पाठवील?' बुवांना विचारलं तर ते म्हणतात, मला त्याच्या बापाचं देणं होतं, बाकी काय नाही. दिंडीत चालणाऱ्यांना हे कोडं पडत नाही. तिथे पुढे पताकावाले असतात, त्यांच्या मागे टाळकरी, आणि ज्याला वाट ठाऊक नाही तो पुढच्याच्या टाचेकडे बघत चालतो. पंढरपूर कुठे आहे हे त्याला स्वतःला ठाऊक असण्याची गरज नसते. पुढच्या माणसाला ठाऊक आहे, आणि त्याच्या पुढच्याला. शेकडो वर्षं माणसं त्या वाटेने गेली आहेत, म्हणून ती वाट आहे. आज अडचणीत सापडलेल्या कुणाला मला काही सांगावंसं वाटलं तर एवढंच, की आपल्या पुढे चालणारा कुणीतरी शोधा आणि त्याला हाक मारा. देवाला मारलेली हाक त्याच्या कानावर गेली तर देवाला राग येणार नाही.

आईला पुढे मंदिर उघडल्यावर दर्शन मिळालं. ती काय बोलली असेल ते मी विचारलं नाही. बाहेर आली आणि म्हणाली की गर्दी होती, पुजाऱ्याने पुढं ढकललं, डोकं टेकलं न टेकलं तोच उठावं लागलं. एवढंच. चेहऱ्यावर काही विशेष दिसलं नाही.

कर्ज अजून आहे, सातबाऱ्यावर बोजा आहे. बागेच्या जागेवर काही भागात आता बोर लावलंय, काही भाग तसाच पडून आहे. दादाला तिथे पुन्हा थोडं डाळिंब लावायचंय. सोलापूरच्या डाळिंब संशोधन केंद्रात जाऊन तो रोपांची आणि अंतराची चौकशी करून आला. आईचा विरोध आहे. ती म्हणते, एकदा हात भाजले, आता पुरे. दादा म्हणतो, तूच म्हणायचीस ना की त्याच्यावर टाक. त्यावर आई म्हणते, त्याच्यावर टाकायचं म्हणजे डोळे झाकून खड्डे काढायचे असं कुणी सांगितलं तुला, आधी बुवांना विचार. बुवांनी अजून होकार दिलेला नाही.